दाद मिळणेबाबत

नाट्यगृहाच्या उजव्या दारावरच्या डोअरकीपर बाईंना सगळे बॅटरीबाई म्हणत. उशिरा आलेल्या प्रेक्षकाला अंधारात त्याच्या खुर्चीपर्यंत नेऊन पोहोचवणं हे तिचं काम, आणि त्या कामाला लागणारी रंग उडालेली पत्र्याची बॅटरी गेली सव्वीस वर्षं तिच्या उजव्या मुठीत होती. या कामाचा तिने स्वतःपुरता एक नियम केला होता. उजेड माणसाच्या पायांवर टाकायचा, तोंडावर कधीही टाकायचा नाही. उशिरा आलेला माणूस आधीच ओशाळलेला असतो, त्याचं तोंड उजेडात आणून आपल्याला काय मिळणार, असं ती म्हणे. त्यामुळे शहरातल्या बड्या बड्या लोकांना ती चेहऱ्याने ओळखत नसली तरी बुटांवरून बरोबर ओळखत असे.

दारात उभ्या राहणाऱ्याला प्रेक्षकांची फक्त डोकी दिसतात, तीही मागून. तेवढ्यावरून नाटक कसं चाललंय हे ती सांगू शके. लोक कंटाळले की डोकी कडेला कलतात. हसले की मागे जातात. आणि रंगमंचावर कुणी मर्मावर बोट ठेवलं की लोक खोकतात. हा खोकला सर्दीचा नसतो. बापाला कुणी सांभाळायचं यावर तीन भावंडं भांडतात असं एक नाटक आलं होतं, तेव्हा सातव्या रांगेपासून चौदाव्या रांगेपर्यंत असा काही खोकला उठला की डाव्या दारावरचे काका मध्यंतरात येऊन म्हणाले, "आज सगळं शहर गारठलंय वाटतं." बॅटरीबाई म्हणाली होती, "गारठलं नाही काका, सापडलंय."

अशी नवी नाटकं तिला मनापासून आवडत. जुन्या नाटकांतले भरजरी कपडे आणि टाळ्यांसाठी थांबणारे नट तिने पुष्कळ पाहिले होते. त्यांच्याबद्दल तिचा काही राग नव्हता. पण गेल्या सात-आठ वर्षांत तरुण मुलंमुली लिहू लागली होती, त्यांच्या नाटकांत तिला तिच्या ओळखीची माणसं भेटत. परीक्षेत नापास झाल्यावर खोलीचं दार न उघडणारा मुलगा. ज्या शाळेत आपली लेक शिकते त्याच शाळेचे संडास धुणारी आई. अशा नाटकाचे चाळीस प्रयोग झाले तर ती चाळीसही प्रयोग पाही, आणि कुठल्या प्रयोगाला कोण कमी पडलं हे तिला पाठ असे. तिची सर्वांत मोठी शाबासकी दोन शब्दांची होती: "खरं आहे." ती सहसा मिळत नसे. नटमंडळी तिच्याकडून ती ऐकण्यासाठी मुद्दाम उजव्या दाराने बाहेर पडत.

सांगायची गोष्ट आहे ती स्टुलाची.

प्रत्येक दाराशी एक गोल लाकडी स्टूल असे. तिसरी घंटा झाली, उशिराची मंडळी पहिल्या वीस मिनिटांत आत येऊन गेली, की डोअरकीपरने स्टुलावर टेकायचं आणि मध्यंतराला उठायचं. पंचवीस वर्षं हे असंच चाललं. मग नाट्यगृहाचं नूतनीकरण झालं, गडद लाल गालिचा आला, आणि गालिच्याबरोबर नवे व्यवस्थापक आले. स्टुलाच्या पायांचे गोल ठसे गालिच्यावर उमटतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. चारही दारांची चारही स्टुलं एका सकाळी भांडारात गेली. बॅटरीबाईने विचारायला जाण्याचं धाडस केलं तेव्हा व्यवस्थापक अगदी गोडीने म्हणाले, "ठशांचं सोडा हो. बसलेला माणूस आळशी दिसतो, बाई. येणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपल्यासाठी कुणीतरी उभं आहे."

त्याला चार महिने झाले. तळपायाची आग मस्तकात जाते असं आपण सहज बोलून जातो. बॅटरीबाईच्या बाबतीत ती खरोखरच तळपायातून निघाली. दुपारचा आणि संध्याकाळचा असे दोन प्रयोग असले की तिच्या घोट्यांचा आकार नाहीसा होई. पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या. डॉक्टरीणबाईंनी त्या बोटाने दाबून पाहिल्या आणि उभं राहायचं बंद करा, असं सांगितलं. नोकरीच उभं राहण्याची आहे, असं तिने सांगितल्यावर त्यांनी मलमाचं नाव लिहून दिलं.

आणि नेमकं त्याच वेळी ते नाटक आलं.

नाटक होतं एका मोठ्या कापडदुकानातल्या चार विक्रेत्या बायकांचं. दहा-दहा तास उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, पाठ टेकायची नाही, असा मालकाचा नियम. त्या चौघींतली एक बसायला जागा मागते. पुढचे दोन अंक म्हणजे तेवढ्या एका मागणीला मिळणारी उत्तरं. दुसऱ्या अंकात मालक म्हणतो, "बसलेली बाई आळशी दिसते." पहिल्या प्रयोगाला हे वाक्य आलं तेव्हा बॅटरीबाईने अंधारात दाराची चौकट धरली. नाटक लिहिणारी मुलगी अठ्ठावीस-तीस वर्षांची, चष्मेवाली. तिने हे वाक्य कुठून आणलं असेल? व्यवस्थापक पाचव्या रांगेत बसले होते. बॅटरीबाईने त्यांचं डोकं नीट पाहिलं. ते खोकले नाहीत. ते मान हलवत होते, अगदी हळहळून.

शेवटच्या प्रवेशात ती विक्रेती घरून एक लाकडी खुर्ची उचलून आणते, दुकानाच्या मधोमध ठेवते आणि तिच्या शेजारी उभी राहते. बसत नाही. हळूहळू सगळा उजेड मावळतो, एकट्या रिकाम्या खुर्चीवर उरतो, आणि पडदा. त्या क्षणी सगळं नाट्यगृह उभं राहून टाळ्या वाजवी. बाहेर पडताना एकीने मैत्रिणीला म्हटलेलं बॅटरीबाईने ऐकलं: "अगं, माझे तर पायच भरून आले बघ." ही बाई सोळाव्या रांगेत, मऊ खुर्चीत, अडीच तास बसून होती.

नाटक खरं होतं. बॅटरीबाईने विक्रेती झालेल्या नटीला दोन्ही शब्द दिले होते, आणि नटीने तिचा हात हातात घेतला होता. तिचा राग नाटकावर नव्हताच. तिला राग येई तो टाळ्यांचा. रोज तितक्याच उत्साहाने, तितक्याच ओल्या डोळ्यांनी वाजणाऱ्या त्या टाळ्या तिच्या कानशिलात घण घातल्यासारख्या बसत, कारण टाळ्या वाजवणारे हजार लोक तिच्या अंगावरून बाहेर जात आणि तिच्या पायांकडे एकही माणूस पाहत नसे.

तिची सून खरोखरच कापडदुकानात उभी राहत असे. मुलगा परगावी कामाला, घरात या दोघीच. बॅटरीबाईने तिला पासावर नाटकाला बोलावलं. सून म्हणाली, "आई, दिवसभर मी करते तेच संध्याकाळी बघायला यायचं? मग तुम्ही सुट्टीच्या दिवशी माझ्या दुकानात येऊन उभ्या राहा, तिकीटही लागत नाही." तरी ती आली, सासूचं मन मोडवेना म्हणून. मध्यंतराआधीच बॅटरीबाईने पाहिलं, अठराव्या रांगेतलं एक डोकं कडेला कललंय. सून गाढ झोपली होती. तिसऱ्या अंकातही झोपली, टाळ्यांतही झोपली. घरी जाताना बॅटरीबाईने तिला चांगलं फैलावर घेतलं. एवढं तुमच्यासाठी कुणी लिहितंय आणि तू घोरतेस, असं बरंच बोलून झालं. सुनेने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, काय लिहिलंय ते मला माहीत आहे. खुर्ची फार चांगली होती हो."

घरात शिरल्याबरोबर बॅटरीबाईने कागद मागितला.

अर्ज कसा लिहायचा हे तिला ठाऊक होतं. तिचे वडील गावात लोकांचे अर्ज लिहून देत. ओटीवर माणसं येऊन बसत, कुणाचा बांध कोरलेला, कुणाची विहीर हडपलेली, आणि वडील वर ठसठशीत अक्षरात लिहीत: विषय, दाद मिळणेबाबत. गावात दाद ही मागायची गोष्ट होती आणि बहुतेक वेळा ती लागत नसे. नाट्यगृहात नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला कळलं की इथे दाद न मागता देतात, तीही फुकट. दोन्हीकडे शब्द एकच कसा, याचं तिला तेव्हा हसू आलं होतं. आता तिने वडिलांच्याच वळणाने विषय लिहिला आणि खाली मजकूर:

"महोदय, मी उजव्या दारावर सव्वीस वर्षे काम करते. गेले चार महिने उभी आहे. उभ्या माणसाचे पाय किती दुखतात हे बसलेल्याला अंधारात दिसत नाही. बसायला जागा मागावी लागते याची लाज मागणाऱ्याला वाटते, न देणाऱ्याला वाटत नाही. तरी माझे स्टूल मला परत द्यावे व दाद मिळावी, ही विनंती."

खाली सही केली, हुद्दा लिहिला, आणि सकाळी कार्यालयातल्या कारकून बाईंच्या हाती दिला. त्यांनी विषय वाचला, मान डोलावली आणि कागद एका फायलीत लावला. तीन आठवडे उत्तर आलं नाही.

पंचविसाव्या प्रयोगाला, सुट्टीच्या दिवशी दुपारी, नाटकानंतर प्रेक्षकांशी गप्पा ठेवल्या होत्या. रंगमंचावर व्यवस्थापक, लेखिका आणि नटी खुर्च्यांवर बसले. नाटकातली लाकडी खुर्ची पुढे तशीच रिकामी ठेवलेली होती. ते व्यवस्थापकांनाच सुचलं होतं. प्रश्न विचारणाऱ्यांपर्यंत माईक नेऊन देण्याचं काम डोअरकीपरांचं. बॅटरीबाई माईक घेऊन रांगारांगांतून वरखाली करत होती. एका गृहस्थांनी प्रश्न विचारतो म्हणून दहा मिनिटं स्वतःबद्दल सांगितलं. ती त्यांच्या शेजारी उभी होती. एका बाईंनी लेखिकेला विचारलं की तुम्हाला हे सुचलं कसं. लेखिकेने सांगितलं की ती सहा महिने एका दुकानाच्या जिन्यावर बसून तिथल्या बायकांशी बोलत होती. बसत होती, हे सांगताना ती जरा अडखळली. बॅटरीबाईला ती मुलगी त्या अडखळण्यामुळे आणखी आवडली.

मग व्यवस्थापकांनी खिशातून एक टंकलिखित कागद काढला. प्रेक्षकांनी भरभरून दाद दिली आहे, म्हणाले, त्यातले निवडक अभिप्राय मी वाचून दाखवतो. तीन-चार वाचून झाले. मग चष्मा सारखा करून ते म्हणाले, "आणि हा तर मला फारच भिडला. एका रसिकाने लिहिलंय..." आणि वाचू लागले. "उभ्या माणसाचे पाय किती दुखतात हे बसलेल्याला अंधारात दिसत नाही."

बॅटरीबाई अकराव्या रांगेशी होती. प्रथम तिला वाटलं, हे नाटकातलंच वाक्य असावं.

"बसायला जागा मागावी लागते याची लाज मागणाऱ्याला वाटते," व्यवस्थापक थांबले, आवाज खाली आणला, "न देणाऱ्याला वाटत नाही." त्यांनी कागदाची घडी घातली. "यावर मी काय बोलणार?"

नाट्यगृह टाळ्यांनी दुमदुमलं. कारकून बाईंनी अर्जाच्या डोक्यावर 'दाद' हा शब्द वाचून तो अभिप्रायांच्या फायलीत लावला होता, आणि इतर अभिप्रायांप्रमाणेच त्यातली चांगली वाक्यं नाव वगळून टंकून दिली होती. यात त्यांचा खोडसाळपणा मुळीच नव्हता. त्या इमारतीत दाद या शब्दाचा दुसरा अर्थ कुणालाच येत नव्हता, इतकंच.

अकराव्या रांगेतल्या एका तरुणाने माईकसाठी हात पुढे केला. बॅटरीबाईने तो दिला नाही. सव्वीस वर्षांत त्या दालनात ती कुजबुजीपेक्षा मोठ्याने बोलली नव्हती. "ते मी लिहिलंय," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज चहूकडून परत आलेला ऐकून थबकली. मग म्हणाली, "तो अभिप्राय नाही, साहेब. अर्ज आहे. माझं स्टूल भांडारात आहे, ते मला परत पाहिजे."

डोकी वळली. पहिल्यांदाच तिला ती पुढून दिसत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी "वा" म्हटलं, आणि लोकांनी टाळ्या सुरू केल्या.

"टाळ्या नकोत," ती म्हणाली.

टाळ्या वाढल्या. पुढच्या रांगेतली दोन माणसं उभी राहिली, त्यांचं पाहून सगळेच उभे राहिले. व्यवस्थापकही उठले आणि तिच्याकडे हात करून म्हणाले, पाहा, ही नाटकाची ताकद. एक लेखिका तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती खाली मान घालून बसली होती. बॅटरीबाईने माईक बंद केला आणि त्या तरुणाच्या हातात ठेवला. त्याला जे विचारायचं होतं ते तो विसरला होता.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात बोलावणं आलं. व्यवस्थापक खुशीत होते. बाई, काल तुम्ही कार्यक्रम कुठल्या कुठे नेऊन ठेवलात, असं म्हणाले. स्टुलाचा विषय ते समितीपुढे ठेवणार होते. गालिच्याचं काय करायचं हाही प्रश्न होताच. मग जरा पुढे वाकून त्यांनी विचारलं, "पुढच्या महिन्यात पुन्हा गप्पा आहेत. त्यातही असंच बोलाल का?"

त्यांनी तिला बसायला सांगितलं नव्हतं. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बॅटरीबाईने त्या दोन्हींकडे एकदा पाहिलं. "उभ्याने बोलायचं ना?" तिने विचारलं. ते म्हणाले, हो, तेच जास्त परिणामकारक. ती वळून बाहेर आली.

तिथून ती थेट रंगमंचामागे गेली. तिथलं सामान सांभाळणाऱ्याला सगळे सामानवाले मामा म्हणत. शेवटच्या प्रवेशातली खुर्ची तोवर कुठे असते, असं तिने विचारलं. मामा म्हणाले, कुठे असणार, विंगेत भिंतीला टेकून, दोन तास नुसती. उजव्या दारापासून विंगेपर्यंत बोळ सरळ जातो. दोघांचं ठरलं. पहिली घंटा झाली की मामा खुर्ची आणून दाराबाहेरच्या फरशीवर, गालिच्याच्या काठाशी ठेवतील, आणि शेवटच्या प्रवेशाआधी येऊन घेऊन जातील.

पाच प्रयोग हे सुरळीत चाललं. घोटे जरा घोट्यांसारखे दिसू लागले. पण संताप कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला, कारण प्रयोगामागून प्रयोग त्याच घटकेला मामा बोळातून येत, ती उठे, मामा खुर्ची उचलून नेत, आणि मग ती दाराच्या चौकटीला धरून उभी राही. उभ्या उभ्या ती आपलीच खुर्ची रंगमंचावर उजेडात आलेली पाही. हजार लोक त्या रिकाम्या खुर्चीसाठी डोळे पुसत. ती रिकामी कशी झाली हे तिला एकटीलाच माहीत होतं.

सहाव्या प्रयोगाला मामा आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, खुर्ची."

"आज नाही."

मामांना वाटलं, थट्टा आहे. ते हसले. मग प्रवेश आला, असं त्यांनी सांगितलं, नटी विंगेत उभी आहे, असंही सांगितलं. बॅटरीबाई मांडीवर बॅटरी ठेवून समोर बघत होती.

"अहो, ती काय उचलून नेईल मग?"

"ती चांगली नटी आहे. निभावेल."

"आणि मला काय म्हणतील?"

"माझं नाव सांगा. बाईने दिली नाही म्हणावं. बाई बसली होती."

मामा रिकाम्या हातांनी बोळातून धावत परत गेले.

रंगमंचावर नटी आली. तिचे हात पुढे होते, जड काहीतरी धरल्यासारखे, आणि हातांत काहीच नव्हतं. ती मधोमध आली. कंबरेत वाकून तिने ते नसलेलं ओझं सांभाळून खाली ठेवलं, पाठ सरळ केली आणि शेजारी उभी राहिली. क्षणभर तिची नजर उजव्या दाराकडे गेली, नाही गेली असंही असेल. उजेड मावळत मावळत नुसत्या फळ्यांवर उरला. पडदा पडला.

टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या. लोक नेहमीसारखेच उभे राहिले. बॅटरीबाईने रांगांमागून रांगा पाहिल्या, आणि खुर्ची कुठाय असं म्हणून शेजाऱ्याकडे वळलेलं एकही डोकं तिला दिसलं नाही.

दिवे लागायच्या आत व्यवस्थापक टाळ्या वाजवतच उजव्या दाराने बाहेर आले. आज तर कमालच झाली, असं ते अंधाराला उद्देशून म्हणाले, आणि त्यांच्या बुटाला लाकडाचा पाय लागला. ते थांबले. खुर्ची पाहिली, खुर्चीवर बसलेली बाई पाहिली, आणि ती उठेल म्हणून वाट पाहू लागले.

बॅटरीबाईने बॅटरी लावली. उजेड त्यांच्या काळ्या, चकचकीत बुटांवर पडला, तिथून पुढे सरकला आणि बाहेरच्या वाटेवर स्थिर झाला. बसूनही तो तितकाच लांब जात होता.

"सांभाळून, साहेब," ती म्हणाली. "पुढे पायरी आहे."

ती उठली नाही.